राणीचं भाषण

प्राध्यापक गर्गट्यांच्या तासाला वर्गात कुणी खोकतही नसे. ते चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक शिकवत आणि ज्याचे उच्चार चुकतील त्याला वर्षभर वर्गाबाहेर ठेवत. त्या दिवशी त्यांनी वडवणीहून शिकायला आलेल्या द्वारका मिसाळला उभं केलं. शिरच्छेदासाठी निघालेल्या राणीचं भाषण तिला म्हणायचं होतं.

वर्गातून काढलं तर वडील शिक्षणच बंद करणार, हे द्वारकाला ठाऊक होतं. तिने पहिली ओळ म्हटली आणि सर गरजले, "पुरे! असले गावठी उच्चार! तुला राणी कोण मानेल?"

तिने बाकाची कड घट्ट धरली.

"सर, त्या काळी बायकांना रंगमंचावर येऊ देत नसत," ती कशीबशी म्हणाली. "राणीचं काम मिसरूड न फुटलेली पोरं करायची आणि लोक त्यांना राणी मानायचे. मी निदान बाई तरी आहे."

कुणी हसलं नाही. तेवढी हिंमतच नव्हती. सर खुर्ची ओढून बसले.

"म्हणा, महाराणी," ते म्हणाले, "पुढची ओळ."