कोरड्या बरणीतला तुकडा

“मग उद्या मला दीक्षा द्यायला हरकत काय आहे?” मल्हारीने विचारले.

धुंडीबाबा मठाच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते आणि दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवत होते. हा प्रश्न त्यांना आजवर पुष्कळांनी विचारला होता. विचारणारे सगळे घाईतच असत.

मल्हारीने दोन काचेच्या बरण्या त्यांच्यापुढे ठेवल्या. दोन्हींत भाकरीचा एकेक तुकडा होता.

“एकाच भाकरीचे आहेत,” तो म्हणाला. “एक पाण्यात भिजवून ठेवला. दुसरा उन्हात कडकडीत वाळवून ठेवला. बरण्या सारख्या, फडताळ एकच, झाकणंही सारखीच घट्ट.”

“बरं.”

“बघा तरी, बाबा.”

बाबांनी वाकून पाहिले. ओला तुकडा आता तुकड्यासारखा दिसत नव्हता. त्यावर करड्या कापसासारखे तंतू उभे होते आणि त्यांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते. कडेने हिरवट भुकटी पसरली होती. काचेला आतून घाम आला होता.

कोरडा तुकडा ठेवला होता तसाच होता.

“ओल आहे तिथं बुरशी आहे,” मल्हारी म्हणाला. “मनाचंही तसंच. माया म्हणजे ओल. मी मन वाळवून घेतलंय.”

“कुणी सांगितलं?”

“माझं मलाच कळलं.”

“हं... एकट्याला फार लवकर कळतं.”

मल्हारी हसला नाही.

बाबांनी फाटकाकडे पाहिले. “तिथं कोण बसलंय?”

फाटकाजवळच्या दगडावर एक बाई बसली होती. पदर डोक्यावरून पुढे ओढला होता तरी ऊन तोंडावर येतच होते. चपलेचा तुटलेला अंगठा तिने चिंधीने बांधला होता.

“पूर्वाश्रमीची बहीण. गोदाक्का.”

“पूर्वाश्रम उद्यापासून. आज तरी बहीणच आहे ना?”

मल्हारीने बरण्या थोड्या बाजूला सरकवल्या.

“काय म्हणते?”

“वडील अंथरुणावर आहेत. आता उठायचे नाहीत. माझंच नाव घेतात, म्हणते. एकदा दीक्षा झाली की मला त्या घरात पाऊल ठेवता येणार नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून आजच आली.”

“तू काय सांगितलंस?”

“येणार नाही म्हणून सांगितलं. ती रडली.” मल्हारीने मान वर केली. परीक्षेचा निकाल दाखवावा तसे तो म्हणाला, “बाबा, मला काहीच वाटलं नाही.”

बाबांनी डोळे मिटले. मल्हारीला वाटले, त्यांना झोप लागली.

फाटकाकडून आवाज आला. “बाबा, मी निघते. शेवटची गाडी चुकंल.”

आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता.

“त्यो येत नसंल तर ऱ्हाऊ द्या. म्हाताऱ्याला जाऊन काय सांगू, तेवढं सांगा.” मग थांबून ती म्हणाली, “साधू झालाय म्हणं. भाकरीचा पापुद्रा फाटला तर जेवायचा न्हाई, रडत बसायचा.”

“ऐकलंस?” बाबा डोळे मिटूनच म्हणाले. “काय सांगायचं म्हाताऱ्याला?”

“सांगा... मल्हारी मुक्त झाला.”

“मी सांगू? मी दमलो रे आता.”

बाबांनी कोरड्या बरणीचे झाकण काढले. तुकडा बाहेर घेतला, फरशीवर आपटून पाहिला. ठक असा आवाज आला.

“पाणी आण.”

मल्हारीने रांजणातून तांब्या भरून आणला. बाबा तुकडा तळहातावर घेऊन बसले होते. मल्हारी तांब्या हातात धरून उभाच राहिला.

“दे ना.”

“बाबा, यावर पाणी घालू नका.”

“का?”

“बुरशी येईल.”

“कुठून येईल?”

“तिचं बी हवेत असतं. डोळ्यांना दिसत नाही. ते दोन्ही तुकड्यांवर सारखंच पडतं. ओल मिळाली की वाढतं.”

“म्हणजे यावरही पडलंय.”

“...हो.”

“वाळवलं तरी?”

तांब्यातले पाणी हिंदकळून मल्हारीच्या पायावर सांडले. त्याने पाय चटकन मागे घेतला.

फाटकाशी गोदाक्का उठून उभी राहिली होती. गुडघ्यावर हात टेकून ती साडीची धूळ झटकत होती.

बाबांनी तुकडा बरणीत परत ठेवला आणि झाकण लावले.

“पाणी याच्यासाठी नव्हतं मागवलं,” ते म्हणाले. “ती सकाळपासून उन्हात बसलीय. तिला दे.”

मल्हारी ओसरीच्या पायऱ्या उतरला. अंगणाच्या मध्यावर गेला आणि थांबला. तिथून त्याने मागे वळून पाहिले. तांब्या त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

“बाबा... ती परत रडली तर?”

धुंडीबाबा हळूच आडवे झाले. एक हात त्यांनी उशाला घेतला आणि भिंतीकडे तोंड केले.

“मग येऊ दे थोडी बुरशी.”