अकरा भोयांची साक्ष

"महाराज, मैराळ नाईक मला नावानं हाक मारत नाही. 'कोळसा' म्हणतो."

भर दरबारात लखमा भोई हे सांगत होता आणि राजे जयकर्ण जांभई आवरत होते. लखमा डोंगरातून आलेला, रंगानं काळाभोर, खांद्यानं भक्कम. राजांच्या पालखीच्या बारा भोयांत तो सगळ्यांत नवा, आणि मैराळ त्या बाराजणांचा नाईक.

"पालखीच्या दांड्याला माझ्या जागी फडकं गुंडाळतो. माझा रंग दांड्याला लागेल म्हणतो. बाकीच्यांनी त्यावर हसायचं. जो हसत नाही त्याला छडी. मला जेवायला पागेत बसवतो, घोड्यांच्या मागे."

राजांना फार वाईट वाटलं. असलं काही घडल्याचं नव्हे, असलं काही आपल्या कानावर आल्याचं.

"पण आमच्या राज्यात भेदभाव नाही," ते म्हणाले. "तशी दवंडी पिटून तीन वर्षं झाली."

"दवंडी पागेपर्यंत आली नसेल, महाराज."

प्रधान खाकरले. "चौकशी नेमावी, महाराज. चौकशी नेमली की अर्धं काम झालं." उरलेलं अर्धं कोणी करायचं हे त्यांनी सांगितलं नाही. ते कधीच सांगत नसत.

चौकशी त्याच दुपारी झाली. लखमा सोडून बाकीचे अकरा भोई पागेसमोरच्या अंगणात रांगेनं उभे केले. शिस्त राखायला कोणीतरी हवं म्हणून शेजारी छडी घेऊन खुद्द मैराळ नाईक उभा राहिला. प्रधानांनी विचारलं, "नाईक कुणाला त्रास देतो का रे?"

"न्हाय जी. देवमाणूस हाय," पहिला म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. सातव्यानं तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन टाकलं.

प्रधानांनी अहवाल दिला: नाईक 'कोळसा' हा शब्द लाडानं वापरतो, सबब लखमाचे कान वैद्यांकडून तपासून घ्यावेत. वैद्यांनी कान तपासले. ते ठणठणीत निघाले, आणि सगळ्यांची पंचाईत झाली.

"अकराजण एकीकडे आणि तू एकटा एकीकडे," राजे वैतागून म्हणाले. "आता एकच कर. उद्या दुपारपर्यंत या अकरांतल्या एकाच्या तरी तोंडून, नाईकासमोर, नाईकाविरुद्ध शब्द वदवून दाखव. नाही जमलं तर खोटा आळ घेतल्याबद्दल आमचं राज्य सोड."

दरबारी गालात हसले. नाईकासमोर नाईकाविरुद्ध! त्यापेक्षा वाघाला गवत खायला घालणं सोपं. लखमाला मात्र बाप आठवला. डोंगरातली झोपडी मोडून त्यानं म्हाताऱ्या बापाला इथं आणलं होतं. परत जायला जागाच नव्हती.

त्यानं राजांना मुजरा केला. मग म्हणाला, "महाराज, उद्या अंगणात तुमची पालखी हवी. आणि नव्या देवळासाठी आणलेले वीस चिरे."

"चिरे कशाला?"

"साक्षीला, महाराज."

दगडांची साक्ष! राजांना भलतीच गंमत वाटली. त्यांनी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी राजे ओसरीवर खुर्ची टाकून बसले. सगळ्यांच्या देखत पालखीत वीस चिरे रचले. दांडा आधीच कुरकुरायला लागला.

"नाईक," लखमा नम्रपणे म्हणाला, "एवढं आपल्या माणसांना झेपेल का?"

"माझी माणसं हायेत ती!" मैराळनं मिशीवर हात फिरवला. "उचला रे!"

अकराजणांनी खांदे लावले. पालखी कशीबशी वीतभर उचलली गेली. गुडघे लटपटू लागले, मानेच्या शिरा तटतटल्या.

"महाराज," लखमा म्हणाला, "आता प्रधानजींनी कालच्यासारखंच एकेकाला विचारावं. नाईक कालच्याच जागी उभे आहेत."

प्रधानांनी विचारलं, "जड आहे का रे?"

मैराळनं छडी तळव्यावर आपटली.

"न्हाय जी, फूल हाय," पहिला धापा टाकत म्हणाला.

"कापूस," दुसरा कण्हला.

सातवा एका गुडघ्यावर आला होता. "आणखी चार ठेवा की," तो म्हणाला आणि आडवाच झाला. पालखी धाडकन खाली आली.

"अट मी हरलो, महाराज," लखमा म्हणाला, "पण कालची साक्ष याच अकरा तोंडांची होती."

राजांनी चिऱ्यांकडे पाहिलं, मग मैराळच्या छडीकडे. प्रधान दुसरीकडे पाहत होते. मग राजांनी मैराळची छडी काढून घेतली आणि त्याला पार वेशीबाहेर उभं करून यायला शिपाई धाडला. नाईक दिसेनासा झाल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, "आता सांगा. जड होतं?"

"जीव गेला असता जी!" अकराजण एकदम बोलले. मग त्यांना थांबवणं कठीण झालं. फडकं निघालं, पाग निघाली, 'कोळसा' निघाला, कोणाच्या पाठीवर किती छड्या बसल्या तेही निघालं. सातवा तर रडायलाच लागला. लखमाला हसलो याची लाज वाटते, म्हणाला.

राजे खूश झाले. खरं बोलणारी प्रजा समोर पाहून त्यांचा ऊर भरून आला. ते खुर्चीतून उठले. खुर्चीनं सुटकेचा आवाज केला, कारण राजे चांगलेच ऐसपैस होते.

"आणि आम्ही पालखीत बसतो तेव्हा रे? आमचं ओझं होतं का?"

अकराजणांच्या माना खाली गेल्या.

"छे जी," पहिला पुटपुटला. "तुमी तर फूल."

"कापूस," दुसरा म्हणाला.

राजांनी गोंधळून लखमाकडे पाहिलं. "आत्ता तर खरं बोलत होते. आता काय झालं यांना?"

"महाराज," लखमानं हात जोडले, "नाईक वेशीबाहेर गेला. तुम्ही अजून इथंच आहात."

प्रधानांनी डोळे मिटून घेतले. राजांच्या तोंडाचा आ वासला, आणि मग ते असे हसत सुटले की पोट धरून त्यांना पायरीवरच बसावं लागलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून लखमाच्या हातात घातलं, नाईकपण त्याला दिलं आणि दांड्याखालची त्याची रिकामी जागा मैराळला दिली. मग ते पालखीकडे न बघता पायीच महालाकडे निघाले.