गुलाबपाण्याची डोणी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक गुलाबपाणी काढणारी बाई राहायची. सगुणा तिचं नाव. परसात चूल, चुलीवर पाकळ्या नि पाण्यानं भरलेला तांब्याचा हंडा, झाकण कणकेनं लिंपलेलं. हंड्यातली वाफ बांबूच्या नळीतून खाली घागरीत यायची. घागर दगडी डोणीत बसवलेली, आणि डोणीतून झऱ्याचं गार पाणी सारखं वाहायचं. त्या गारव्यानं वाफेचं गुलाबपाणी व्हायचं. डोणीतून निघालेलं पाणी शेजारच्या भागीच्या टाक्यात जायचं. सासूच्या सासूपासूनची ही रीत.

एका उन्हाळ्यात सगुणाच्या लेकीचं लग्न निघालं. उद्या मांडवात गुलाबपाणी शिंपडायचं, म्हणून बागेतली होती नव्हती तेवढी फुलं आज हंड्यात पडली. झरा मात्र बारीक झालेला. वऱ्हाडाला पाणी पुरायचं कसं, या काळजीनं सगुणानं डोणी काठोकाठ भरली, पाणी बाहेर पडायच्या तिच्या तोंडाला चिखलाचा बोळा लावला आणि झऱ्याचा पाट वळवून आपल्या हौदात सोडला.

भागी कुंपणाशी आली. टाकं कोरडं पडलं, वांगी माना टाकतायत म्हणाली. सगुणानं चुलीवरची नजरसुद्धा हलवली नाही.

"माझ्या घरी कार्य आहे. तुझी वांगी एक दिवस उपास करतील."

भागी माघारी गेली. जरा वेळानं सगळ्या आळीत गुलाबाचा घमघमाट सुटला. जाणारीयेणारी वाखाणायला लागली, तशी सगुणाही फुलली. मग तिनं घागर हलवून पाहिली, तर तळाशी चार थेंब. जाळ कमी पडला असेल म्हणून तिनं लाकडं पुढे सारली, तर नळीच्या तोंडाशी वाफच वाफ. डोणीत हात घातला आणि चटका बसला. साठवलेलं पाणी आधणासारखं तापलं होतं. लेकीचं गुलाबपाणी वाऱ्यावर चाललं होतं, आणि आई त्याचंच कौतुक ऐकत बसली होती.

तिनं जाळ ओढला, बोळा उपटला, पाट पुन्हा डोणीत वळवला. कढत पाणी पुढे गेलं, मागून गार आलं, आणि घागरीत थेंब टपटपायला लागले. अर्धा सुवास गेला तो गेलाच, पण एक गुलाबदाणी भरली. हौद मात्र अर्धाच राहिला.

लग्नाच्या सकाळी सगुणा हौदात डोकावत उभी, तोच भागी डोक्यावर हंडा नि कडेवर कळशी घेऊन दारात.

सगुणाची मान खाली गेली. "भागे, काल मी तुझं पाणी तोडलं गं."

"आणि मग सोडलंस की. हे तुझंच पाणी, रात्री माझ्या टाक्यात मुक्कामाला होतं. आता हंडा उतरव आधी, मान मोडली माझी."

तात्पर्य: अडवलेलं पाणी आपल्यालाच चटका देतं, पुढे सोडलेलं पाणी आपलंही काम करतं नि शेजाऱ्याचंही.