आदामाच्या आधीचा शंख

"आदाम होता की नव्हता? एवढंच सांगा, फादर."

इनासने चपला काढायच्या आधीच विचारलं.

फादर बेर्नार्द चर्चमागच्या अंगणात बसले होते. समोर बांबूच्या तट्ट्यावर सोललेली राजेळी केळी ऑक्टोबरच्या उन्हात वाळत होती. एक बाजू सुकली की दुसरी वर करायची, तेव्हा कुठे त्यांची सुकेळी होतात. फादर निवृत्त झाले होते, पण वसईच्या बागायतदाराचे हात काही निवृत्त होत नाहीत.

"बस," ते म्हणाले. "केळं खा."

इनासला त्या केळ्यातही लाच दिसली. त्याने ते घेतलं नाही.

तो गावच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. आठवडाभर फळ्यावर उत्क्रांती आणि रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक. दोघींचं कधी वाजलं नाही. एका घरात दोन जावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तशा त्या त्याच्या डोक्यात नांदत होत्या.

धर्मशिक्षण तो फादरांकडेच शिकला होता. तेव्हाही प्रश्न विचारायचा तो उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असल्याच्या थाटात.

पावसाळ्यात त्याची मुलगी गेली. महिन्याचीही झाली नव्हती.

बाप्तिस्मा राहून गेला. धर्मपिता म्हणून तिच्या मामाला उभं करायचं होतं आणि मामा होता बोटीवर नोकरीला. त्याची बोट लागली की करू, असं घरात ठरलं. पांढरा झगासुद्धा शिवून आला होता. बोटीच्या आधी ताप आला.

तेव्हापासून त्या दोन चुलींचा धूर एकमेकींच्या डोळ्यांत जाऊ लागला.

आदाम खरा असेल, तर त्याचं पाप पोरीच्याही वाट्याला आलं होतं आणि बाप्तिस्म्यावाचून ते धुतलं गेलं नाही. आदाम नुसती गोष्ट असेल, तर धुण्यासारखं काही नव्हतंच. मग पोर देवाजवळ आहे. सेलिन, त्याची बायको, रात्री उठून बसून हेच विचारायची. तुम्ही शिकलेले ना, मग सांगा.

फादरांनी एक केळं उलटलं.

माणूस मातीचा, हे मी मानतो, असं ते सावकाश म्हणाले. त्या मातीचा माणूस व्हायला किती काळ लागला ते तुझ्या पुस्तकांना विचार, देवाला काही गाडी पकडायची नव्हती. धर्मसभेलाही त्यात आता अडचण वाटत नाही. आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या लेकरांना ती देवाच्या दयेवर सोपवते.

हेच सगळं इनासने वर्गात कितीदा तरी सांगितलं होतं. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते त्याला साखरेत घोळवलेल्या कडू गोळीसारखं लागलं. तो फादरांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला. मयताच्या घरी फादर याच आवाजात बोलत. याच आवाजात...

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"तसं नाही म्हटलं, तर पटेल?"

"नाही."

"आणि आदाम होता म्हटलं तर?"

"तर या चर्चची पायरी पुन्हा चढणार नाही."

"म्हणजे निकाल लावूनच आलास. साक्षीला मला कशाला बोलावतोस?"

इनासने ते कानाआड केलं. त्याच्याजवळ दुसरा प्रश्न तयार होता. त्याच्या आजीच्या काळी अशी पोरं दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरत. फादरांनी मात्र त्याच्या मुलीला आत जागा मिळवून दिली होती, मोठ्या माणसांच्या रांगेत. ते नियम बदलला म्हणून की बापाची कीव आली म्हणून?

"बाहेर पाणी साचलं होतं," फादर म्हणाले.

ही थट्टा होती की उत्तर, ते इनासला कळेना. म्हातारा काहीतरी लपवतोय, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

...

एक कावळा तट्ट्यावर उतरला. फादरांनी त्याला हाकललं नाही.

मग न विचारताच इनास बोलू लागला. इस्पितळात पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि आईबापांना दाराबाहेर. दुपारी एकदा नर्सने त्याला आत सोडलं. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती.

"जीव जायची वेळ आली तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मीच मुलांना शिकवतो, फादर. थोडं पाणी आणि चार शब्द. पण सेलिन दाराच्या काचेतून बघत होती. मी पाणी घातलं असतं, तर तिला कळलं असतं की पोर राहत नाही..."

"म्हणून नाही घातलंस."

"बाटली तशीच घेऊन बाहेर आलो. दिवे लागायच्या आत ती गेली. तेव्हा जवळ कोणी..."

फादर पुढचं केळं उलटू लागले.

त्याचाच इनासला संताप आला. त्याने खांद्यावरच्या पिशवीतून एक दगड काढला आणि केळ्यांच्या मधोमध ठेवला. शाळेच्या प्रयोगशाळेतला, कच्छकडून आलेला. मुठीएवढा शंख, पार दगड झालेला.

पापामुळे जगात मरण आलं असं तुम्हीच शिकवलंत, तो म्हणाला. हा माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधी मेला. तेव्हा ना आदाम, ना फळ, ना पाप. मग हा कशाने मेला? आता कीव बाजूला ठेवा आणि बोला.

फादरांनी झग्याला हात पुसले. दगड उचलून उन्हात धरला. त्यांचा अंगठा शंखाच्या वळणावरून फिरत फिरत आत गेला, लहान लहान होत जाणाऱ्या घेरांतून, आणि मधल्या अगदी बारीक टोकावर थांबला.

"सुबक केलाय," ते म्हणाले.

इनास वाट बघत होता. आता म्हातारा निसटणार, अशी त्याची खात्री होती.

"हा मेला तेव्हा जवळ कोण होतं, इनास?"

"कोणी नव्हतं." त्याचा आवाज चिरकला. "कोण असणार? माणूसच नव्हता तेव्हा."

...

फादरांनी तो दगड त्याच्या ओंजळीत ठेवला आणि वरून त्याची बोटं मिटली.

"मग 'कोणी नव्हतं' म्हणू नकोस. तेवढंच म्हण. माणूस नव्हता."