गाव हो म्हणालं

तुमच्या आमच्या पणजोबांच्याही आधीची गोष्ट. एका गावात येसू नावाची कुंभारीण राहायची. नवरा वारलेला, पदरात दोन लेकी, आणि ओढ्याकाठी काळ्या मातीचा एक खड्डा. त्या मातीच्या मडक्यांत भर उन्हाळ्यात पाणी गार राहायचं, आणि तिघींच्या पोटात भाकरी जायची तीही त्या मातीमुळेच.

नेमका हाच खड्डा गावच्या कारभाऱ्याच्या डोळ्यांत भरला. त्याला माडीचं घर बांधायचं होतं आणि विटांसाठी अशी चिकट माती दुसरीकडे नव्हती. सरळ मागितली असती तर येसूने चार टोपली दिलीही असती. पण सरळ मागेल तो कारभारी कसला?

त्या गावाची एक रीत होती. काही ठरवायचं असलं की सगळे पारावर जमत. कारभारी तीनदा विचारी, "गावाला मान्य आहे?" तीनदा कुणी काही बोललं नाही की तो विड्याचं पान फाडी, आणि गावाचा होकार आला असं धरत. रीत सोयीची होती. घाबरटांना तर फारच सोयीची.

त्या दिवशी येसूची भट्टी पेटलेली होती. मडकी भाजायला घातली की कुंभाराला जागचं हलता येत नाही, हे कारभाऱ्याला पक्कं ठाऊक. त्याने दिवसही तोच धरला. "कारभाऱ्याचं घर म्हणजे गावाची शोभा. ओढ्याकाठची माती या घराला द्यायची. गावाला मान्य आहे?" तीनदा विचारलं. सगळे मूग गिळून बसले. टर्रकन पान फाटलं.

संध्याकाळी भट्टी विझत आली तेव्हा येसूच्या कानावर हे आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काजळलेल्या हातांनीच ती पारावर आली.

"कारभारी, माझा खड्डा कुणाला विचारून घेतला?"

"तुलाच विचारून," कारभारी गोड हसला. "हे बघ येसू, गावाने होकार दिला. तू गावातलीच ना? मग तुझाही होकार त्यात आला."

ऐकायला किती सरळ वाटतं! अरे, पंगत जेवून उठली म्हणून ज्याच्या पानात काही पडलंच नाही त्यालाही जेवला म्हणायचं का? पण कारभाऱ्याला हे तोंडावर सांगायची पारावर कुणाची छाती नव्हती. येसू मग एकेकापुढे जाऊन उभी राहिली.

"तू हो म्हणालास?" तिने तेल्याला विचारलं.

"मी नाही बाई. गाव म्हणालं."

सुतार म्हणाला, "मी कुठे काय बोललो? गावाने ठरवलं."

पारावरचे तीस जण विचारून झाले, पण हो म्हणालेला एकही सापडला नाही.

"तीस जणांत कुणीच हो म्हणालं नाही, मग हो म्हणालं कोण?" येसूने विचारलं.

आता कारभारी चिडला. "गाव वेगळं आणि माणसं वेगळी. तुला नाही कळायचं ते."

"कळलं की. मग उद्या माती न्यायला त्या गावालाच पाठवा. माणसं पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यावर गाड्या आल्या. येसू दोन्ही लेकींना घेऊन वाटेतच उभी होती. पहिल्या गाडीवर गावातलाच रखमाजी होता.

"तुझं नाव काय?" येसूने विचारलं.

"येसाक्का, अगं मला ओळखत नाहीस होय?"

"चांगली ओळखते. तरी सांग. माझ्या पोरींच्या तोंडचा घास रखमाजीने नेला, असं मी दारोदार सांगणार आहे. गावाने नेला असं नाही सांगायची."

रखमाजीने पोरींकडे पाहिलं, मान खाली घातली आणि बैल वळवले. मागच्यांना तर विचारावंही लागलं नाही.

शेवटी कारभारी स्वतः तणतणत आला. "बाजूला हो. मी गावाच्या वतीने आलोय."

"मला गाव दिसत नाही, तुम्ही दिसताय. स्वतःचं नाव घ्या आणि म्हणा, माझ्या माडीसाठी मी या बाईची माती घेतोय. एवढं म्हणा, मी आत्ता बाजूला होते."

काठावर माणसं जमली होती. जन्मभर ज्याची जीभ कधी अडली नाही, त्या कारभाऱ्याच्या तोंडून हे एक वाक्य निघेना. त्याने खड्ड्याशी पडलेली कुदळ उचलली, तेव्हा मागून तेली म्हणाला, "मला मान्य नाही." मग सुतार म्हणाला. मग रखमाजी. कारभाऱ्याने कुदळ टाकली आणि तो आल्या वाटेने निघून गेला.

येसूने कुणाचेही आभार मानले नाहीत. "हेच काल पारावर म्हणायला काय झालं होतं?" एवढंच तिने विचारलं आणि ती टोपलं भरू लागली.

तात्पर्य काय, तर 'सगळ्यांनी' केलं असं कुणी म्हटलं की त्यातल्या एकेकाला नावानिशी विचारावं. सगळ्यांच्या नावावर खपलेलं प्रत्येकाच्या बाबतीत खरं असतंच असं नाही. आणि आपण गप्प बसलो की आपल्या नावावर दुसराच हो म्हणून मोकळा होतो.