आग विझल्यानंतर

"आता आणखी कशाची वाट बघायची, सर?"

भट्टीचे बर्नर नुकतेच बंद झाले होते. आत पेटी लालभडक दिसत होती.

रेवती काळसेकरची पेटी. विमान कोसळून पेटलं, तरी वैमानिकांचं शेवटचं बोलणं ज्यात शाबूत राहायला हवं, त्या ब्लॅक बॉक्सचं आतलं अस्तर ती तयार करत होती. तिचे वडील वैमानिक होते. डोंगरावर आपटलेल्या त्यांच्या विमानाची आग लवकर विझवली होती म्हणे. तरी पेटीतला एक शब्दही हाती लागला नाही. लोकांनी मग सगळी चूक त्यांच्याच माथी मारली.

तेव्हापासून रेवती थांबली नव्हती.

उपासनी सरांनी तिला हे शास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन गावी राहत होते. तिने आग्रह केला म्हणून आज चाचणी बघायला आले होते.

"पूर्ण वेळ आगीत होती, सर. आणि आतलं तापमान बघा! पास झाली."

"बस जरा."

"बसून काय करू? आग विझलीय."

"हो…"

ती बसली नाही. येरझाऱ्या घालत राहिली. कुणीतरी पेढे आणले. सरांनी पेढा हातातच धरून ठेवला.

पेटीचा लाल रंग उतरला. बाहेरून ती निवत चालली. पडद्यावरची आतल्या तापमानाची रेषा मात्र वर सरकली.

रेवती थबकली. तिने वायर हलवून पाहिली. रेषा चढतच होती.

"हे काय, सर? आग नाही, काही नाही…"

"तुझ्या अस्तरानं आग अडवली. अडवता अडवता ते स्वतः तापलं. ती धग आता कुठे जाईल?"

ती पाण्याच्या नळीकडे धावली.

"पाणी कुठे मारणार?" सरांनी विचारलं. "बाहेर?"

नळी तिच्या हातात तशीच राहिली…

दुपार कलायच्या आत पेटीतली आवाज साठवणारी चिप गेली.

सगळे पांगले. रेवती भिंतीला टेकून उभी होती.

"बाबांची पेटी अशीच गेली असेल. आग विझवून सगळे मोकळे झाले असतील." एकदम ती कागद ओढून आकडेमोड करू लागली. "अस्तर बदलते. धग पिणारा एक थर आत घालते. उद्या पुन्हा भट्टी पेटवू. उद्याच!"

सरांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आई कुठे असते?"

"घरी. कोल्हापूरला." तिला प्रश्नाचा राग आला. "का?"

"कोण असतं सोबत?"

"आता कुणी नाही. बाबा गेले तेव्हा खूप लोक होते, घर भरलेलं असायचं. मीही होते महिनाभर. मग इथे आले…"

"शेवटचं कधी गेलीस?"

तिने पेनसाठी हात पुढे केला. मग घाईने म्हणाली, "तिचं बरं चाललंय, सर. खरंच. फोनवर बाबांचं नावही काढत नाही. आधी किती रडायची! आता अजिबात रडत नाही."

"रडत नाही?"

"नाही."

सर स्टुलावरून उठले.

"मग आजच जा."