सामाचा नर खजूर

पूर्वी सौवीर देशातील रोरुक नगरात सोमदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका खजूर-बागवानाच्या कुळात जन्मले. त्यांच्या बागेत खजुराच्या तीन जाती होत्या. लाल खजूर लवकर उतरे. तपकिरी वाळवला की त्याची खारीक होई. आणि मधाच्या रंगाचा पिवळा तोडताच खावा लागे, इतका तो नाजूक होता.

शेजारच्या सामा कुंभारणीच्या मुलीने हा पिवळा खजूर खाऊन त्याची बी दारात पुरली, आणि महिनाभरात ती मुलगी तापाने गेली. सामाने त्या रोपाला आठ वर्षे पाणी घातले. ते फुलले, पण फळ धरले नाही. शेजारणी म्हणत, "सामे, सावली तरी दे म्हणावं त्याला!" नवव्या वर्षीही नुसता फुलोरा पाहून तिने कुऱ्हाड काढली.

त्याच वर्षी पुरात बोधिसत्त्वांच्या बागेतला एकुलता एक नर खजूर वाहून गेला होता. मादी झाडे फुलली होती. चार दिवसांत पराग मिळाला नाही, तर पीक जाणार होते. धाकटा भाऊ पुण्णक म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी फळ येईल, एवढंच सांग तिला. तिचं झाड वाचेल, आपली बागही."

बोधिसत्त्व सामाच्या दारी गेले.

"अक्का, हा नर आहे. याला कधीच फळ येणार नाही. आणि बी लावून तोच खजूर मिळत नाही. त्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेला कोंभच लावावा लागतो."

"इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू पाणी घालायचीस, ते पाहून जीभ उचलत नव्हती. चुकलं माझं."

"मग आज कसा आलास?"

"मला याचा फुलोरा हवाय. त्याच्याशिवाय माझ्या फळांत बी धरत नाही, आणि बी नसलेलं फळ नीट पिकत नाही. पण झाड तुझं आहे. तोडायचं तर तोड."

सामाने वर फुलोऱ्याकडे पाहिले.

"त्या पिवळ्या खजुरात याचं काही असेल?"

"गर माझ्या मादी झाडाचा. बी दोन्ही झाडांची."

तिने कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि शिडी आणली.

आषाढात पिवळे घोस उतरले. पहिला खजूर सामाने खाल्ला. चव तीच होती. बी तिने टाकली नाही, कितीतरी वेळ तोंडातच धरून ठेवली.

ही कथा भगवान शास्त्यांनी सांगितली तेव्हा मुलगी गमावलेली एक उपासिका समोर बसली होती. 'ती पुन्हा तुझ्याच पोटी येईल,' असे तिला नुकतेच सांगणारा भिक्षूही तिथेच होता. शास्ते म्हणाले, "त्या वेळची सामा ही उपासिका, पुण्णक हा भिक्षू, आणि बागवान मीच होतो. उशिरा का होईना, तेव्हा मी जे जपले, ते सत्य."